सांबर नाही हो, सांबार!

आर्णीच्या एका स्वयंपाकघरातून थेट टेक्सासला जाणारी हरणाच्या मटणाची रेसिपी. आणि ती इथं का करता येत नाही, त्याची गोष्ट.

विदर्भात पहिल्यांदाच निघालेल्या पुणे-मुंबईकरांना एक फुकटचा सल्ला. आर्णीच्या बाजारात भाजीवालीनं ‘मटनासाठी सांबार नेता का?’ असं विचारलं तर दचकू नका. वनखात्याला फोन तर मुळीच लावू नका. ती तुम्हाला जंगलातलं शिंगवालं जनावर विकत नाहीये, कोथिंबिरीची जुडी विकतेय. वऱ्हाडात कोथिंबीर म्हणजे सांबार. आलं म्हणजे अद्रक, पातेलं म्हणजे गंज आणि शेत म्हणजे वावर. एवढे चार शब्द पाठ केलेत की तुमचा अर्धा व्हिसा झालाच म्हणून समजा. इडलीबरोबर येतं ते सांबार वेगळं आणि टिपेश्वरच्या जंगलात फिरतं ते सांबर आणखी वेगळं. फरक एका कान्याचा, पण कायद्याच्या पुस्तकात तो थेट तुरुंगापर्यंत जातो!

मी आर्णीला गेले ती मात्र खरंच हरणाच्या मटणासाठी. थांबा, थांबा! खायला नाही. ते कसं करायचं, हे एक आई आपल्या मुलीला फोनवर कसं सांगते, ते ऐकायला. माझी रूममेट आर्णीची. तिची मोठी बहीण लग्न होऊन टेक्सासला. ताईच्या नवऱ्याच्या ऑफिसातला एक गोरा सहकारी वीकेंडला शिकारीला जातो (तिकडे लोक जसे गोल्फला जातात तसे शिकारीलाही जातात). त्यानं एके दिवशी या दोघांना थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून पाच-सहा पाकिटं आणून दिली. पाकिटांवर मार्करनं लिहिलेलं, ‘ॲक्सिस’. ताईनं गुगल केलं आणि उडालीच. ॲक्सिस डिअर म्हणजे आपलं चितळ! आर्णीपासून दीडेक तासावर, टिपेश्वरमध्ये जिप्सीतून फोटो काढायला लोक पैसे मोजतात, तेच ठिपकेवालं चितळ. तिच्या टेक्सासातल्या फ्रीजरमध्ये, व्हॅक्यूम पॅक करून.

साहजिकच तिनं आईला फोन लावला. आईनं आयुष्यात कधी हरीण शिजवलेलं नाही. पण लेकीनं विचारलं आणि आई ‘मला येत नाही’ म्हणाली, असं कुठं झालंय का?

रूममेटकडून हे सगळं ऐकलं आणि मी पुढच्याच शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं.

आता आर्णी कुठंय हे सांगायलाच हवं, कारण माझ्या ऑफिसवाल्या मित्रमंडळींपैकी निम्म्यांनी ‘आर्वी का?’ असं विचारलं. आर्वी वर्धा जिल्ह्यात. आर्णी यवतमाळ जिल्ह्यात, अरुणावती नदीच्या काठी. नागपूरहून तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. यवतमाळ सोडलं की घाटातले साग, मग कपाशीची वावरं, मग तासाभराच्या आत आर्णी. रेल्वे नाही. त्यामुळे यायचं ते लालपरीनं किंवा ट्रॅव्हल्सनं. याच रस्त्यानं पुढे गेलात की पैनगंगेपलीकडे माहूरची रेणुका. त्यामुळे देवीला जाणाऱ्या गाड्या आर्णीत चहाला थांबतात आणि पुढे पळतात. बहुतेकांची आर्णीशी ओळख ही एवढीच, एका कटिंगपुरती.

खरं तर थांबावं असं इथं आहे. बाबा कंबलपोष यांचा दर्गा ही आर्णीची सगळ्यात मोठी ओळख. कंबलपोष म्हणजे कांबळं पांघरणारे. दर्ग्याच्या यात्रेला हिंदू-मुसलमान दोघंही सारख्याच हक्कानं जातात, आणि त्यात काही विशेष आहे असं इथं कुणाला वाटत नाही. आजूबाजूला बंजारा तांडे. तांड्यावरच्या मटणाची स्वतःची वेगळी शाळा आहे. तिथली सळोई म्हणजे बकऱ्याचं रक्त आणि आतले अवयव बारीक चिरून केलेला पदार्थ. जनावर कापलं की काहीच वाया घालवायचं नाही, हा फंडा युरोपातल्या शेफ मंडळींनी अलीकडे शोधला म्हणे. तांड्यांना तो कधीचाच ठाऊक आहे.

याच तालुक्यात दाभडी आहे. २०१४ च्या मार्चमध्ये नरेंद्र मोदींनी ‘चाय पे चर्चा’साठी निवडलेलं, शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांमुळे देशभर पोचलेल्या जिल्ह्यातलं गाव. टीव्हीवर तेव्हा कापसाचा भाव, कर्ज आणि पाऊस यांवर बरंच बोलणं झालं. रोह्यांविषयी कमी. त्या रोह्यांकडे मी नंतर येते. आधी स्वयंपाकघर.

आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा टेक्सासमध्ये आदल्या रात्रीचे साडेआठ. काकूंनी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला. पलीकडे ताईचा ओटा, त्यावर काचेच्या भांड्यात गडद लाल मटण. बकऱ्यापेक्षा कितीतरी गडद. इकडे काकूंच्या ओट्यावर सकाळीच आणलेलं किलोभर बकऱ्याचं मटण. म्हणजे लाइव्ह डेमो! एका हातानं करायचं आणि दुसऱ्या हातानं सांगायचं.

‘‘पाह्य, आधी त्याले हयद-मीठ लाव,’’ काकू म्हणाल्या. हयद म्हणजे हळद. वऱ्हाडीत ‘ळ’ला फारसा भाव मिळत नाही. काळा मसाला हा काया मसाला आणि डोळा हा डोया.

‘‘लावलं आई. पण वास येतोय गं जरा.’’

‘‘येईनच. रानातलं जनावर हाय ते, गोठ्यातलं नाही.’’

हा ताईचा तिसरा प्रयत्न. पहिल्या रविवारी तिनं नेहमीच्या बकऱ्याच्या हिशेबानं सगळं केलं. काकूंनी सांगितलं, ‘सहा शिट्ट्या कर.’ ताईकडे इन्स्टंट पॉट. त्याला शिट्टीच नाही! मग शिट्ट्यांची मिनिटं करताना दोघींचा गणिताचा तास झाला. त्यातून तिनं घेतलं होतं पाठीचं मटण. म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाणारी लांब, मऊ पट्टी. जनावर जिचा सगळ्यात कमी वापर करतं, ती. ती कुकरमध्ये घातल्यावर जे व्हायचं तेच झालं. आतला रस सगळा बाहेर आणि फोडी सुकलेल्या खोबऱ्यासारख्या. जावईबापूंनी ‘छान झालंय’ म्हटलं आणि तीन ग्लास पाणी प्यायलं.

इथंच हरणाची खरी मेख आहे. त्याच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच. दिवसभर पळणारं जनावर, साठवणार कधी? आणि जी थोडीफार असते ती काढून टाकायची असते, कारण ती मेणासारखी लवकर थिजते आणि जेवताना टाळूला चिकटून बसते. म्हणून इंग्रजी कुकबुकांत हरणाला डुकराच्या चरबीच्या पट्ट्या गुंडाळा वगैरे उपद्व्याप सांगितलेले असतात. मला मात्र वाटतं, या बाबतीत आपण मराठी माणसं गोऱ्यांच्या पुढे आहोत. आपण मटण म्हणतो ते बहुतेक वेळा बकऱ्याचं. तेही तसं कमी चरबीचंच. त्यामुळे कोरडं मांस भरपूर तेलात, मसाल्यात, रश्शात, मंद आचेवर मऊ करायची विद्या आपल्या हातात आधीपासून आहे. प्रश्न फक्त कुठल्या तुकड्याला ती लावायची आणि कुठल्याला नाही, एवढाच.

या प्रश्नाचं उत्तर मिळालं ते आबांकडून. आबा म्हणजे काकूंचे वडील. वय शहाऐंशी. कान कामातून गेलेत, पण मटणाचा विषय निघाला की सगळं ऐकू येतं. ते पडवीतल्या खाटेवरूनच म्हणाले, ‘‘खांद्याचं घे मना तिले. अन् रातभर ताकात बुडवून ठेव.’’

आबा तरुण असताना गावातल्या एका मालगुजाराकडे बाराबोअरची परवान्याची बंदूक होती. आबा हाकाऱ्याला जायचे, म्हणजे डबे वाजवत, ओरडत जनावर पुढे घालायला. बंदुकीला त्यांनी कधी हात लावला नाही, पण हाकारेवाल्यांना वाटा मिळायचा. त्या वाट्याचं काय व्हायचं, ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं. फोडी रात्रभर ताकात. सकाळी ताक ओतून द्यायचं. मग जवसाचं तेल, कांदा, लसूण, तिखट, मीठ आणि चुलीवर दुपार होईस्तोवर शिजणं. खडा मसाला नावाला. ‘‘मसाला लय टाकला त मंग बकरंच खा ना!’’ हा त्यांचा शेरा.

मजा म्हणजे राजस्थानातल्या शिकारी छावण्यांमधलं प्रसिद्ध ‘जंगली मांस’ याच तत्त्वावर चालतं. तूप, सुक्या लाल मिरच्या, मीठ आणि वेळ. बस्स. आणि मागे जायचं तर आपल्याकडे फार मागे जाता येतं. चरकसंहितेत कुठल्या वर्गात काय श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी आहे. त्यात मृगमांसांमध्ये पहिला नंबर एण हरणाला, म्हणजे काळविटाला दिलाय. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त शिकारीचंही प्रकरण आहे आणि राजाच्या जेवणाचंही. त्याची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण. आपल्या सोलापूर-लातूरच्या शेजारचंच. थोडक्यात, हरीण शिजवणं ही काही परदेशी फॅशन नाही. एके काळी ते इथलंच होतं.

मग थांबलं कधी? १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. सुरुवातीला त्यातही काही प्राण्यांसाठी परवान्याची फट होती. १९९१ च्या दुरुस्तीनं तीही बुजली. कायदा लिहिणाऱ्यांनी खवय्यांची पळवाट आधीच ओळखलेली दिसते. कारण त्यात मांसाची जी व्याख्या आहे तीत ‘कच्चं किंवा शिजवलेलं’ असं दोन्ही येतं. म्हणजे ‘मी मारलं नाही, मी फक्त रस्सा खाल्ला’ हे चालत नाही. शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते. सलमान खानचं काळवीट प्रकरण आठवा. घटना १९९८ ची, कोर्टानं पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ मध्ये. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. हायवेवर गाडीखाली येऊन मेलेलं हरीणसुद्धा सरकारच्या मालकीचं असतं. ते डिकीत टाकून घरी न्यायचं नाही. वनखात्याला कळवायचं.

हे सगळं मी लांबण लावून सांगतेय त्याला कारण आहे. येताना हायवेवरच्या एका ढाब्यावर जेवायला थांबले होते. शेजारच्या टेबलावर एसयूव्हीतून आलेले चौघं. गळ्यात कॅमेरे, पायात ट्रेकिंगचे शूज. सकाळच्या सफारीत वाघ दिसल्याच्या खुशीत. त्यातल्या एकानं वेटरला जवळ बोलावलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘‘भाऊ, काही वेगळं मिळेल का? जंगली?’’

वेटरनं शांतपणे टेबल पुसलं. ‘‘वेगळं म्हणजे पनीर हाय साहेब.’’

मला तर त्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. गंमत बाजूला ठेवा, पण हा प्रश्न विचारणारे आपल्यातलेच असतात. सकाळी चितळाचा फोटो टाकायचा, ‘सेव्ह टायगर’ लिहायचं आणि रात्री चुपचाप त्याच चितळाची चौकशी करायची. चितळ म्हणजे वाघाचं जेवण आहे हो! ते कमी झालं की वाघ गुरांकडे वळतो आणि मग गुराख्यांकडेही. टिपेश्वरचं जंगल तर अवघं दीडशे चौरस किलोमीटरच्या आसपास. २०१९ मध्ये तिथल्या एका तरुण वाघानं गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत मजल मारली होती, हजार किलोमीटरहून जास्त वाट तुडवत. जागा आणि सोबत शोधत फिरणाऱ्या त्या जनावराच्या ताटातलं आपण उचलायचं, म्हणजे जरा अतीच झालं.

आणि तरीही काकूंच्या लेकीच्या फ्रीजरमधलं चितळ पूर्ण कायदेशीर आहे. हे कसं? तर चितळ अमेरिकेतलं नाहीच. १८६० च्या दशकात हवाईच्या राजाला भेट म्हणून काही चितळं गेली. टेक्सासमध्ये ती १९३० च्या दशकात पोचली. तिथं वाघ नाही. त्यामुळे त्यांची संख्या इतकी वाढली की आता ती तिथल्या झाडोऱ्याच्या मुळावर उठलीत. तिकडच्या लेखी चितळ हा पाहुणा आणि तोही न बोलावलेला. जमिनीच्या मालकाची परवानगी आणि शिकारीचा परवाना असला की झालं. एकच जनावर, पण इथं त्याला मारणं गुन्हा आणि तिथं न मारणं ही डोकेदुखी. मला यात विसंगती अजिबात वाटत नाही. वाघ असलेल्या जंगलाचा हिशेब वेगळा आणि नसलेल्याचा वेगळा.

तर तिसऱ्या रविवारची रेसिपी. ही ताईच्या ओट्यावर पास झाली आणि काकूंच्या ओट्यावर बकऱ्याच्या मटणाची. तुम्ही भारतात राहत असाल तर बकऱ्याच्याच खांद्याच्या किंवा मांडीच्या, कमी चरबीच्या फोडी घ्या. न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका, जिथं हरणाचं मटण रीतसर मिळतं तिथं असाल (न्यूझीलंडमध्ये तर हरणं शेतीसारखी पाळतात), तर खांदा मागा.

आधी मांसावरचा पांढरा, चकाकणारा पापुद्रा सुरीनं सोलून काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलंत तर कितीही शिजवा, दातात रबर. पांढरी चरबीही काढायची. मग इंचभर फोडी. किलोला दोन चमचे मीठ, एक चमचा हळद, अद्रक-लसणाचं वाटण मोठे दोन चमचे आणि वाटीभर घट्ट दही. आबांचं ताक ताईकडे नव्हतं म्हणून दही. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घालून झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये. ॲल्युमिनियमचं भांडं नको, आंबट लागलं की ते बिघडतं.

आता इथं एक गैरसमज दूर करू. मसाला रात्रभरात फोडीच्या गाभ्यापर्यंत ‘मुरतो’ असं आपण म्हणतो. मुरतं ते मुख्यतः मीठ. तेच आत जातं आणि रस धरून ठेवतं. दही, लसूण, तिखट वरच्या थरापलीकडे फारसं सरकत नाही. ते चवीला हवंच, पण चमत्कार मिठाचा. कच्ची पपई हा प्रकार तर जपून. तिच्यातलं पपेन मांस खरंच मऊ करतं, पण त्याला थांबायचं कळत नाही. अर्ध्या-पाऊण तासाला चिवट फोडीचं काम होतं. रात्रभर ठेवलंत तर सकाळी वरून लगदा मिळेल. काकू पपईच्या वाटेला जात नाहीत. ‘‘मटन हाय का शिरा?’’ म्हणतात.

काया मसाला घरचा. धने, सुकं खोबरं, तीळ, खसखस, दगडफूल, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरे, शहाजिरे, मोठी वेलची, जायपत्री. प्रत्येक जिन्नस वेगवेगळा, पार काळसर होईस्तोवर भाजायचा आणि मग कुटायचा. काकूंच्या घरात हा वास भिंतींनाही आहे. बकऱ्याला किलोमागे त्या तीन मोठे चमचे मसाला घालतात. हरणाला दीड, आबांच्या शेऱ्याचा मान राखून.

गंजात तेल घ्यायचं तेव्हा हात आखडायचा नाही. मांसात चरबी नाही, ती बाहेरून द्यायची आहे. सहा-सात मोठे चमचे. कांदा नुसता गुलाबी नाही, चांगला बदामी. मग तिखट, मसाला, चमचाभर पाण्याचा शिपका म्हणजे मसाला करपत नाही. फोडी टाकून दहाएक मिनिटं परतायचं. तेल सुटलं की गरम पाणी. गारठ पाणी घातलं तर मटण आखडतं, असं काकूंचं म्हणणं. शास्त्र काय म्हणतं कोण जाणे, मी आता गरमच घालते. मंद आचेवर झाकण ठेवून दोन-अडीच तास. कुकरला घाई असेल तर ताईच्या मशीनवर पस्तीस मिनिटं आणि वाफ आपोआप जिरू द्यायची. शेवटी सांबार. हो, कोथिंबीर! मूठभर नाही, दोन मुठी.

पाठीच्या मटणाचा निकाल वेगळा लागला आणि त्यावरून मायलेकींचं चांगलंच वाजलं. ताई म्हणाली, त्याला मीठ, लसूण, मिरपूड लावून तासभर ठेवायचं, तापलेल्या तव्यावर प्रत्येक बाजूनं दोन-तीन मिनिटं आणि मग पाच मिनिटं नुसतं पडू द्यायचं. धाग्याच्या आडवं कापायचं. आत गुलाबी राहिलं पाहिजे.

‘‘लाल मटन खाशीन?’’ काकूंचा आवाज इतका चढला की पडवीत आबा उठून बसले.

‘‘अगं, सगळे तसंच खातात इथं.’’

‘‘खाऊ दे सगळ्यायले. तू नको खाऊ.’’

मी तज्ज्ञ नाही, पण दोघींचंही थोडं थोडं बरोबर आहे. जास्त शिजवलं की ती पट्टी वाया जाते, हे ताईनं पहिल्याच रविवारी पाहिलंय. आणि रानातल्या जनावराचं मांस सांभाळूनच खायचं असतं, हेही खरं. खिमा असेल तर अमेरिकन सरकारी सल्ला ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवायचा आहे. तिथं घरोघरी मांसात टोचायचा थर्मामीटर असतो, त्यामुळे वाद मिटवायला यंत्र मिळतं. शिवाय तिकडच्या जातींच्या हरणांमध्ये ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा रोग आहे. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, तरी ज्या भागात तो आहे तिथं मांस तपासून घ्या, रोग निघाला तर खाऊ नका, असं तिथलं आरोग्य खातं सांगतं. मित्रानं प्रेमानं दिलेल्या पाकिटाचीही चौकशी करायला लाजायचं नाही.

शेवटी तडजोड झाली. ताई तव्यावरचं करणार, पण आईला फोटो पाठवणार नाही.

जेवताना मी काकूंचं बकऱ्याचं मटण, ज्वारीची भाकर आणि कच्चा कांदा असं इतकं खाल्लं की दुपारी नुसती पडून राहिले. हॉटेलातल्या सावजीची आग आपल्याला माहीत असते, घरच्या वऱ्हाडी रश्शाची नसते. हा रस्सा तिखट आहे, पण ओरडत नाही. तर्री वर तरंगते, खाली खोबऱ्या-खसखशीचा दाटपणा. पुण्याला परतल्यावर चार दिवस ऑफिसच्या कँटीनकडे बघवेना.

रोह्यांचं राहिलंच. रोही म्हणजे नीलगाय. संध्याकाळी काकांबरोबर वावरात गेले. तूर कमरेच्या वर, मधे मधे कपाशी, पलीकडच्या पट्ट्यात कोवळा हरभरा. वावराच्या चारी बाजूंनी जुन्या रंगीत साड्या ताणून बांधलेल्या. दुरून एखाद्या लग्नाच्या मांडवासारखं दिसतं. जनावरं बुजावीत म्हणून. पहिले पंधरा दिवस बुजतात, मग त्यांनाही कळतं की साडीच आहे. आदल्या रात्री हरभऱ्याच्या कोपऱ्यात आठ-दहा रोह्यांचा कळप येऊन गेला होता. शेंडे खुडून नेल्यासारखे गायब आणि जमिनीत खुरांचे खोल खड्डे. काका वाकून एकेक रोप बघत पुढे जात होते. शिव्या नाहीत, काही नाही. त्यांनी फक्त हातानं हवेत एक चौकोन काढला आणि म्हणाले, ‘‘एवढं गेलं.’’

नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. पिकांचा उपद्रव करणाऱ्या रोह्यांना आणि रानडुकरांना मारायची परवानगी वनखात्याकडून मिळवायची तरतूदही सरकारनं २०१५ मध्ये केली. पण बंदूक कुणाकडे, वेळ कुणाला आणि मारलेलं जनावर तरीही सरकारचंच. काहीजण कुंपणात थेट वीज सोडतात. त्यात रोही मरतात, वाघ मरतात आणि अंधारात पाय पडला तर शेजारचा माणूसही. काकांनी सोलरचं झटका मशीन घ्यायचं ठरवलंय, तुरीचे पैसे आले की. तोपर्यंत जागल.

मी त्यांना सांगितलं की हेच रोही १९३० च्या आसपास दक्षिण टेक्सासच्या कुरणांत सोडले होते आणि आता तिथल्या रेस्टॉरंटमध्ये त्यांचं मटण महाग महाग म्हणून विकलं जातं. काका थांबले. माझ्याकडे नीट बघितलं, मी थट्टा तर करत नाही ना म्हणून.

‘‘मंग तिले सांग ना,’’ ते म्हणाले, ‘‘आमच्या इकडचे बी घेऊन जाय म्हना. फुकट देतो. गाडीभाडं तेवढं त्यायचं.’’

रात्री साडेआठला ते निघाले. डोक्याला मफलर, अंगावर कांबळं, मोटारसायकलच्या हँडलला डबा. डब्यात दुपारचा रस्सा आणि दोन भाकरी. खिशात बॅटरी आणि सुतळी बॉम्बचं पाकीट. डिसेंबरची थंडी, मचाणावर वारा थेट लागतो. काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या, रस्सा गरम हाय तवरच खाऊन घेजा, थंडा झाला की वर थर धरते. काकांनी मान हलवली आणि किक मारली.